पाणी तापेना, पिन मात्र तापली: एका गिझरचं व्होल्ट-अँपिअरचं गणित

सातारा जिल्ह्यातलं एक जुनं घर. पुढे ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे परसात नंतर बांधलेलं न्हाणीघर. आधी घरातल्या मोरीत असलेला १५ लिटरचा गिझर काढून या न्हाणीघरात बसवला होता. हिवाळा सुरू झाल्यावर तीन तक्रारी एकदम पुढे आल्या. पाणी तापायला फार वेळ लागतो. गिझर लावला की न्हाणीघरातला पिवळा बल्ब मंद होतो. आणि गिझरचा थ्री-पिन काढायला जावं तर हात ठेववत नाही. सॉकेटची पांढरी पट्टी एका भोकाभोवती तपकिरी पडली होती आणि जवळ नाक नेलं की माशासारखा उग्र वास येत होता. विजेच्या सामानातलं प्लास्टिक हळूहळू करपत असेल तर बहुतेक वेळा असाच वास येतो.

निदान आधीच होऊन गेलं होतं. कॉइलवर क्षार बसलाय, कॉइल कमजोर झालीय, ती बदला; आणि बदलायचीच आहे तर २००० वॅटच्या जागी ३००० वॅटची टाका. हे सगळं टेस्टर आणि अंदाज एवढ्यावर ठरलेलं होतं. व्होल्टेज आणि करंट मोजल्यावर कॉइल ठणठणीत निघाली, आणि दोष सापडला तो अंगठ्याएवढ्या जागेत. त्या मोजणीचं गणित सगळ्या आकड्यांसह इथे मांडलं आहे. दोनच सूत्रं वापरली आहेत आणि दोन्ही दहावीपर्यंतच्या पुस्तकातली आहेत:

रोध (ओहम) = व्होल्ट ÷ अँपिअर
शक्ती (वॅट) = व्होल्ट × अँपिअर

यांतूनच आणखी दोन निघतात: शक्ती = अँपिअर × अँपिअर × रोध, आणि शक्ती = व्होल्ट × व्होल्ट ÷ रोध. सूत्रं सोपी आहेत. व्होल्टेज नेमकं कुठलं घ्यायचं, हे ठरवताना मात्र बहुतेकांचं चुकतं.

पाटीवरून काय कळतं

गिझरच्या पाटीवर २००० वॅट, २३० व्होल्ट लिहिलं होतं. मीटर हातात घेण्याआधी यातून दोन आकडे काढून ठेवावेत. करंट: २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर. कॉइलचा रोध: २३० × २३० ÷ २००० = ५२९०० ÷ २००० = २६.४५ ओहम.

पाटीवरची २००० वॅट ही फक्त २३० व्होल्टला खरी असते, हे सारखं लक्षात ठेवावं लागतं. कॉइलचा पक्का गुण म्हणजे तिचा रोध. व्होल्टेज बदललं की वॅट बदलतात, रोध जवळजवळ तोच राहतो. शिवाय तापवणाऱ्या उपकरणांना पाटीवरच्या आकड्यापासून थोडं इकडेतिकडे असण्याची मुभा असते: वर ५ टक्के, खाली १० टक्के. म्हणजे २००० वॅटच्या कॉइलचा रोध साधारण २५.२ पासून २९.४ ओहमपर्यंत कुठेही असला तरी ती निर्दोषच धरायची.

गिझर पूर्ण बंद करून, थ्री-पिन सॉकेटमधून काढून, कॉइलच्या दोन टोकांवर मल्टिमीटर ओहमवर लावला. आकडा आला २६.६. मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवली तेव्हा मीटर ०.३ दाखवत होता. तो वजा केला. २६.३ ओहम. कॉइलचं एक टोक आणि तिचं धातूचं आवरण यांच्यामध्ये मीटरने काहीच दाखवलं नाही, म्हणजे वीज आवरणात गळत असल्याची खूण नाही. कॉइल कमजोर असल्याचा मुद्दा इथेच संपला.

कॉइल थंड असताना मोजलेला रोध गिझरला चालतो, कारण आतली निक्रोमची तार तापली तरी तिचा रोध थोडाच वाढतो आणि भोवती पाणी असल्यानं ती फार तापतही नाही. पिवळ्या बल्बला हा हिशेब लावू नये. १०० वॅटचा बल्ब पेटलेला असताना त्याचा रोध ५२९ ओहम असतो, आणि तोच विझलेला असताना मल्टिमीटरवर चाळीस ओहमच्या आसपास भरतो.

चालू लोडवर मोजणी

आता खरं काम. बंद सर्किटमध्ये नुसता ओहम मोजून वायरिंगमधला दोष सापडत नाही. सैल झालेल्या पिनेचा रोध असतो अर्धा ओहम किंवा त्याहून कमी. मीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध तेवढा. शिवाय ओहमवर ठेवलेला मल्टिमीटर मोजणीसाठी अगदी मामुली करंट सोडतो, आणि तेवढ्या करंटला करपलेली पिनही निमूट वाट देते. तिचं खरं रूप सात-आठ अँपिअर वाहू लागल्यावर दिसतं. म्हणून गिझर चालू ठेवून, करंट वाहत असताना, एकापेक्षा जास्त जागी व्होल्टेज मोजायचं आणि दोन जागांमधल्या फरकाला करंटने भागायचं. या प्रकरणातला सगळा उलगडा या भागाकारातून झाला.

करंट क्लॅम्प मीटरने मोजला. क्लॅम्पमध्ये एकच वायर घ्यायची असते. गिझरची अख्खी केबल कवेत घेतली तर मीटर शून्य दाखवतो, कारण फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परत येणारा करंट एकमेकांना खोडतात. त्यासाठी गिझरच्या आतल्या टर्मिनलपाशी, जिथे केबलचं वरचं आवरण सोललेलं असतं, तिथे फक्त फेजची वायर क्लॅम्पमध्ये घेतली.

व्होल्टेजसाठी क्रम असा ठेवला: मेन बोर्डवरचा एमसीबी (करंट ठरल्यापेक्षा जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) खाली, वीज गेल्याची खात्री टेस्टरने आणि मीटरनेही, मग सॉकेट उघडून इन्सुलेशन असलेल्या क्लिपा स्क्रूंना अडकवायच्या, हात बाजूला, एमसीबी वर, आकडा वाचायचा, एमसीबी पुन्हा खाली, मग क्लिपा पुढच्या जागी. ओल्या न्हाणीघरात चालू विजेवर हातात प्रोब धरून मोजणी करायची नाही. हे काम परवानाधारक वायरमनचंच आहे. घरच्यांनी आकडे लिहून घ्यावेत.

एक अडचण हमखास येते. गावातलं व्होल्टेज स्थिर नसतं, दोन-तीन व्होल्ट सारखं वरखाली होतं. बोर्डवर एक आकडा घेऊन चालत न्हाणीघरात जाईपर्यंत मूळ व्होल्टेजच बदललेलं असतं, आणि मग फरक खोटा निघतो. यावर उपाय म्हणजे फरक थेट मोजणं: बोर्डवरच्या फेजपासून न्हाणीघरापर्यंत एक लांब सुटी इन्सुलेटेड वायर आणायची आणि मीटरचं एक टोक तिला, दुसरं सॉकेटच्या फेज स्क्रूला. ही वायर कितीही बारीक चालते, कारण व्होल्टमीटर नावापुरताच करंट घेतो, म्हणून तिच्यात व्होल्ट पडत नाहीत. न्यूट्रलचंही असंच. तसं करून, तीनदा मोजून, आलेले आकडे असे:

बोर्डवर, गिझर बंद: २२३.० व्होल्ट
बोर्डवर, गिझर चालू: २२०.० व्होल्ट
सॉकेटच्या मागच्या स्क्रूंवर, गिझर चालू: २१०.६ व्होल्ट
गिझरच्या टर्मिनलवर, गिझर चालू: २०७.० व्होल्ट
करंट: ७.८ अँपिअर

मोजणीच्या वेळी घरातलं बाकी सगळं बंद होतं, आणि दर वेळी गिझरचा दिवा लागलेला आहे ना हे पाहिलं. थर्मोस्टॅटने मध्येच तोडलं तर करंट शून्य होतो आणि सगळीकडे २२३ दिसू लागतं; घाईत ते आकडे खरे मानले जातात.

क्लॅम्प मीटर नसेल तर विजेच्या मीटरवरचा लाल दिवा उपयोगी पडतो. त्यावर एका युनिटला ३२०० पल्स असं लिहिलेलं असेल, तर ६० सेकंदांतल्या उघडझापा मोजायच्या. ९१ आल्या तर शक्ती = ९१ × ३६०० ÷ (३२०० × ६०) = १.७०६ किलोवॅट, आणि २२० व्होल्टने भागलं की ७.७५ अँपिअर. क्लॅम्पच्या आकड्याला हे अगदी लागून आहे. घरातलं बाकी सगळं बंद हवं, एवढीच अट.

आकड्यांची उकल

आधी कॉइल: २०७.० ÷ ७.८ = २६.५ ओहम. थंड असताना २६.३ होते, पाटीवरून २६.४५ काढले होते. तिन्ही जुळतात. कॉइल घेते ती शक्ती: २०७.० × ७.८ = १६१५ वॅट. म्हणजे २००० वॅटचा गिझर प्रत्यक्षात १६१५ वॅटवर चालत होता.

व्होल्टेज २३० वरून २०७ झालं, म्हणजे १० टक्के कमी. शक्ती मात्र १९ टक्के घटली. व्होल्टेज कमी झालं की करंटही त्याच प्रमाणात कमी होतो आणि दोघांचा गुणाकार म्हणजे शक्ती, म्हणून ती दुहेरी मार खाते: ०.९ × ०.९ = ०.८१.

इथे एका पक्क्या गैरसमजाला हात घालावा लागतो. 'व्होल्टेज कमी झालं की करंट वाढतो' हे वाक्य शेतीपंपामुळे घराघरांत पोचलं आहे. पंपाच्या बाबतीत ते खरं आहे. विहिरीतून पाणी ओढायचं काम तेवढंच राहतं, म्हणून व्होल्टेज पडलं की मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि शेवटी वाइंडिंग जळतं. गिझर, इस्त्री, शेगडी यांना हे लागू नाही. त्यांचा रोध ठरलेला आहे. व्होल्टेज कमी म्हणजे करंट कमी, उष्णता कमी. आणि याचा व्यत्यासही महत्त्वाचा: मोटारला व्होल्ट ÷ अँपिअर करून रोध काढता येत नाही. तसा काढलेला आकडा वाइंडिंगच्या खऱ्या रोधाच्या कितीतरी पट मोठा येतो, कारण फिरणारी मोटार स्वतःच उलट व्होल्टेज तयार करून करंट अडवते. तिची शक्तीही नुसत्या व्होल्ट × अँपिअर गुणाकाराने मिळत नाही. पॉवर फॅक्टरने, म्हणजे त्यातला किती भाग खरोखर कामी येतो ते सांगणाऱ्या आकड्याने, गुणावं लागतं. इथला सगळा हिशेब सरळ बसतो कारण गिझर म्हणजे निव्वळ रोध आहे.

आता बोर्डवरच्या २२३ आणि गिझरवरच्या २०७ मधले हरवलेले १६ व्होल्ट कुठे गेले ते टप्प्याटप्प्यानं बघू.

खांबापासून बोर्डपर्यंत ३.० व्होल्ट: ३.० ÷ ७.८ = ०.३८ ओहम. सर्व्हिस वायर अ‍ॅल्युमिनियमची, ४ एमएमची (वायरीच्या बाबतीत एमएम म्हणजे चौरस मिलिमीटर), अंदाजे २५ मीटर. जाऊन-येऊन ५० मीटर धरले तर तिचा रोध ०.३५ ओहम भरतो. उरलेल्यात पुढची लाइन येते. इथे खोट नाही.

बोर्डपासून सॉकेटपर्यंत ९.४ व्होल्ट: ९.४ ÷ ७.८ = १.२ ओहम. न्हाणीघर बांधताना दिव्याची म्हणून ओढलेली १ एमएमची तांब्याची वायर पुढे गिझरलाही दिली गेली होती. अंतर ३२ मीटर, जाऊन-येऊन ६४. १ एमएम तांब्याचा रोध मीटरला ०.०१७२ ओहम, म्हणून ६४ मीटरचा १.१. वायर चालू लोडवर कोमट होते, मध्ये जंक्शन बॉक्समध्ये जोड आहे. ते धरले की १.२ बरोबर येतात. बल्ब मंद होण्याचं कारणही हेच, तो याच वायरवर आहे.

सॉकेटच्या स्क्रूपासून गिझरच्या टर्मिनलपर्यंत ३.६ व्होल्ट: ३.६ ÷ ७.८ = ०.४६ ओहम. हे अंतर दीड मीटर. १.५ एमएमच्या केबलचा रोध जाऊन-येऊन ०.०३५ ओहम, त्यात ०.३ व्होल्ट पडायला हवेत. उरलेले ३.३ कुठे? सॉकेटच्या स्क्रूवर एक क्लिप आणि पिनटॉपच्या (थ्री-पिन प्लगच्या) आतल्या स्क्रूवर दुसरी, असं फेज आणि न्यूट्रल वेगवेगळं मोजलं. न्यूट्रलवर ०.२ व्होल्ट. फेजवर ३.१.

फेज पिन आणि सॉकेटची पाती यांच्यामधला रोध: ३.१ ÷ ७.८ = ०.४ ओहम. तिथे तयार होणारी उष्णता: ३.१ × ७.८ = २४ वॅट.

सगळी बेरीज ताडून पाहू. कॉइल १६१५, घरातली वायर ७३, पिन आणि केबल मिळून २८, एकूण १७१६. बोर्डवर २२० × ७.८ = १७१६. जमा-खर्च जुळला. बेरीज जुळली नसती तर एखादी मोजणी चुकलेली आहे असं समजून पुन्हा मोजायला हवं होतं. अंदाजानं पुढे जायचं नाही.

२४ वॅट म्हणजे किती

वायरमध्ये ७३ वॅट जात होते आणि पिनेत २४. आकडा बघून कुणीही म्हणेल, वायरचा दोष तिप्पट मोठा. पण वायरचे ७३ वॅट ६४ मीटरवर पसरलेले आहेत, मीटरला सव्वा वॅटसुद्धा नाही. वायर कोमट होते आणि उष्णता भिंतीत जिरते. पिनेतले २४ वॅट तयार होतात पितळेच्या दोन तुकड्यांच्या स्पर्शात, काही चौरस मिलिमीटर जागेत, आणि भोवती आहे बंद प्लास्टिक. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग इस्त्री २५ वॅटचीच असते आणि ती शिसं-कथलाचं सोल्डर वितळवते. अशी एक सोल्डरिंग इस्त्री रोज तास-सव्वा तास भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसून ठेवली जात होती, असं हे प्रकरण होतं.

पिनटॉप बाहेर काढून पाहिला. न्यूट्रलची पिन पिवळी, चकचकीत. फेजची पिन टोकाला काळी, मध्ये निळसर-करडी, आणि एका बाजूला सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे. तिथे ठिणग्या पडत होत्या. सॉकेटच्या आतली पाती फाकलेली. त्यामागचं चक्र असं चालतं: पाती थोडी सैल होते, स्पर्शाची जागा कमी होते, रोध वाढतो, उष्णता वाढते, उष्णतेनं पितळेचा ताण जातो, पाती आणखी सैल होते, पृष्ठभागावर काळी पुटं चढतात, रोध आणखी वाढतो. हे आपोआप सुधारत नाही, फक्त वाढत जातं. सॉकेट ६ आणि १६ अँपिअरच्या दोन्ही पिना घेणारा होता. बारीक आणि जाड अशा दोन्ही मापांना पुरायचं म्हणून त्याची पकड आधीच ढिली असते. दिवसातून दोनदा थ्री-पिन घालायची-काढायची सवयही त्याच्या मुळावर आली.

एमसीबी का पडला नाही, हा प्रश्न घरच्यांनी विचारला आणि तो अगदी रास्त आहे. एमसीबी पाहतो फक्त करंट किती आहे ते. बोर्डवर १६ अँपिअरचा एमसीबी होता आणि वाहत होते ७.८. सैल पिनेमुळे रोध वाढला म्हणजे करंट उलट किंचित कमीच झाला. आरसीसीबी असता तरी तो गप्प बसला असता, कारण तो गळणारा करंट ओळखतो आणि इथे गळती नव्हती. सैल जोडाची उष्णता ओळखणारं साधन घरच्या बोर्डवर नसतं. हात, नाक आणि व्होल्टमीटर एवढंच हाताशी असतं. शिवाय १ एमएमच्या वायरवर १६ अँपिअरचा एमसीबी ही स्वतंत्र चूक होती. पाइपातली १ एमएम वायर साधारण ११-१२ अँपिअरचीच. तिच्यावर १६ चा एमसीबी म्हणजे आधी वायर करपणार आणि मग एमसीबी पडणार.

३००० वॅटची कॉइल टाकली असती तर

३००० वॅटच्या कॉइलचा रोध ५२९०० ÷ ३००० = १७.६ ओहम. वाटेतला एकूण रोध १६ ÷ ७.८ = २.०५ ओहम, तो तसाच. करंट = २२३ ÷ (१७.६ + २.०५) = ११.३ अँपिअर. कॉइलला मिळणारी शक्ती ११.३ × ११.३ × १७.६, म्हणजे सुमारे २२५० वॅट. पाटीवर ३०००, हातात २२५०. आणि फेज पिनेत ११.३ × ११.३ × ०.४ = ५१ वॅट. २४ चे ५१. करंट दीडपट होण्याआधीच उष्णता दुपटीच्या वर गेली, कारण ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; जूलनं १८४१ साली मांडलेला नियम हाच. वायरही तिच्या मर्यादेच्या काठावर आली असती, आणि १६ चा एमसीबी तरीही पडला नसता. सॉकेट पेटायला याहून सोपी वाट नाही.

क्षाराबद्दलही बोलायला हवं, कारण बोअरच्या पाण्यावरच्या प्रत्येक गिझरची तक्रार तिथेच नेली जाते. क्षार आवरणाच्या बाहेर बसतो. आतल्या तारेचा रोध त्यानं बदलत नाही, म्हणून शक्तीही बदलत नाही, आणि ती सगळी उष्णता शेवटी पाण्यातच जाते. जायला दुसरी जागाच नाही. क्षारामुळे होतं ते असं की उष्णता बाहेर पडायला कॉइलला स्वतः जास्त तापावं लागतं, त्यामुळे ती लवकर जळते, आणि शेजारचा थर्मोस्टॅट कधीकधी वेळेआधी तोडतो. क्षार काढायलाच हवा. पण १६१५ वॅटचे २००० वॅट क्षार काढून होणार नव्हते.

आणि पाणी तापायला लागणारा वेळ? १५ लिटर पाणी १८ अंशांवरून ५५ वर न्यायला १५ × ४.१८६ × ३७ = २३२३ किलोज्यूल लागतात. २००० वॅटला १९ मिनिटं, १६१५ वॅटला २४ मिनिटं. तेच पाणी टाकीत उन्हाळ्यात २७ अंशांचं असेल तर २००० वॅटला पावणेपंधरा मिनिटं पुरतात. म्हणजे 'पूर्वी पंधरा मिनिटांत तापायचं' ही आठवण खरी असली तरी त्यातला जवळजवळ निम्मा फरक थंडीचा आहे, विजेचा नाही. हे घरच्यांना आधीच सांगितलं, नाहीतर दुरुस्तीनंतर हिवाळ्यात पंधरा मिनिटांची अपेक्षा धरून पुन्हा निराशा झाली असती.

बिलाचंही तसंच. वाया जाणारे वायर, पिन आणि केबलचे मिळून १०१ वॅट. दिवसाला तीन वेळा टाकी तापवली, प्रत्येकी २४ मिनिटं, तर महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिटं. तेवढ्यासाठी कुणी वायरिंग बदलणार नाही. ते आगीच्या भीतीनं बदललं, आणि कारण तेवढंच पुरेसं आहे.

काय बदललं आणि नंतर काय भरलं

बोर्डपासून न्हाणीघरापर्यंत गिझरसाठी स्वतंत्र २.५ एमएम तांब्याची फेज, न्यूट्रल आणि अर्थ, मध्ये एकही जोड न घेता. जुनी १ एमएमची वायर फक्त दिव्याला ठेवली आणि तिला ६ अँपिअरचा वेगळा एमसीबी दिला. २.५ की ४ एमएम यावर चर्चा झाली. हिशेब करून पाहिला: २.५ एमएममध्ये वायरचा रोध ०.४५ ओहम, ४ एमएममध्ये ०.२८, कॉइलला मिळणाऱ्या शक्तीत फरक जेमतेम २२-२३ वॅटचा. २००० वॅटच्या गिझरला २.५ पुरे आहे. तिथे पुढे ३००० वॅटचा इन्स्टंट गिझर यायचा असता तर ४ एमएमच ओढायला सांगितली असती.

सॉकेट नुसत्या १६ अँपिअरचा घेतला, तो न्हाणीघराबाहेरच्या भिंतीवर नेला, आणि गिझर चालू-बंद करायला शेजारी १६ अँपिअरचा स्विच दिला, म्हणजे थ्री-पिन रोज ओढायला नको. पिनटॉपही नवा. करपलेली पिन सँडपेपरनं घासून वापरू नये. वरचं काळं निघतं, पण पिन बारीक झालेली असते. आणि जुन्या सॉकेटच्या मऊ पडलेल्या पातीत नवी पिन घातली तर तीही महिनाभरात काळी होते, म्हणून दोन्ही एकदमच बदलायचे. वायरीच्या सगळ्या बारीक तारा पीळ देऊन, वायर दुमडून, स्क्रूखाली पूर्ण घेतल्या. जुन्या सॉकेटमध्ये निम्म्या तारा स्क्रूच्या बाहेरच होत्या. बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. त्याचा या दोषाशी संबंध नाही, पण न्हाणीघरातल्या गिझरला तो नसणं चालायचं नाही.

नंतरच्या मोजणीच्या दिवशी मूळ व्होल्टेजच जास्त होतं: गिझर बंद असताना बोर्डवर २२६.०. गिझर चालू केल्यावर बोर्डवर २२२.८, सॉकेटवर २१९.१, गिझरच्या टर्मिनलवर २१८.६, करंट ८.२३. अशा वेळी आधीचे आणि नंतरचे व्होल्ट थेट ताडून काही उपयोग नाही, कारण निम्मी सुधारणा त्या दिवशीच्या पुरवठ्याची असू शकते. ताडायचे ते रोध. कॉइल: २१८.६ ÷ ८.२३ = २६.६ ओहम, आधीचीच. खांब ते बोर्ड: ३.२ ÷ ८.२३ = ०.३९, तोही आधीचाच. तिथे हातच लावला नव्हता, म्हणून मोजणीवर भरवसा ठेवता येतो. घरातली वायर: ३.७ ÷ ८.२३ = ०.४५, आधी १.२. फेज पिन: ०.१ व्होल्ट, म्हणजे ०.०१२ ओहम, आधी ०.४. तिथली उष्णता २४ वॅटवरून एका वॅटच्या आत आली. कॉइलची शक्ती २१८.६ × ८.२३ = १७९९ वॅट, आणि १८ अंशांचं पाणी साडेएकवीस मिनिटांत ५५ वर.

पिनटॉप अर्ध्या तासाच्या वापरानंतर हाताला जेमतेम कोमट लागतो. दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला, थंडी पडायच्या आधी, फेज पिनेवरचा हा फरक पुन्हा मोजायचा असं ठरलं आहे. ०.१ किंवा ०.२ व्होल्ट असेल तर काही करायचं नाही. ०.५ झाला असेल तर ८ अँपिअरला तिथे ४ वॅट जळताहेत. एमसीबी खाली करून स्क्रू आवळायचे आणि पुन्हा मोजायचं. १ व्होल्टच्या वर गेला असेल तर सॉकेट आणि पिनटॉप दोन्ही बदलेपर्यंत गिझर लावायचा नाही.